बळीराम गावंडचं सुतक

१

पनवेल-उरण पट्ट्यात टेनिस बॉलची मॅच असो नाहीतर कोणाची हळद, माईक माझ्या हातात असतो. मी काशिराम गावंड, लोक काशीनाना म्हणतात. तुम्ही या बाजूचे असाल तर माझं तोंड कदाचित ओळखणार नाही, आवाज मात्र नक्की ऐकलेला आहे. मी मॅच नुसती सांगत नाही, वाढवून सांगतो. चेंडू गटारात पडला तर मी तो कर्नाळ्याच्या सुळक्यावरून परत आणतो. एकदा एका पोराने मारलेला षटकार मी उरणच्या बंदरात उभ्या जहाजावर पाडला. कप्तानाने एका हातात झेल घेतला, म्हणून पोराला बादही दिलं. पब्लिक लोळलं. तो पोरगा मात्र खरंच बॅट टेकून निघाला होता, त्याला परत बोलवावं लागलं.

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढची हकिगत मी टपरीवर सांगितली तेव्हाही पब्लिक असंच लोळलं होतं.

माईक बंद केला की कानात एक बारीक शिट्टी उरते. मैदानापासून ती माझ्या सोबतीला येते, स्कूटरवर मागे बसल्यासारखी. पनवेलात तिसऱ्या मजल्यावर माझा फ्लॅट आहे. जिना चढेपर्यंत शिट्टी विरत जाते आणि दार उघडून आत पाऊल टाकलं की तीही नसते. मग मी पंखा लावतो. गरम होतं म्हणून नव्हे. पंख्याचा आवाज येतो म्हणून.

२

आधी मी पळस्प्याच्या अलीकडे आमच्या गावात राहायचो. गावात निम्मी घरं गावंडांची. सत्यवती, माझी बायको, तिथेच गेली. मूलबाळ नव्हतं. खांदा द्यायला मात्र माणसांची कमी नव्हती, अख्खा गाव आला. स्मशानातून परत आलो, सगळ्यांनी आंघोळी केल्या. मी ओटीवर बसून होतो आणि शेजारच्या घरातून फोडणीचा वास आला. मग त्याच्या पलीकडच्या घरातून. मग समोरून.

सुतकात फोडणी देत नाहीत, हे लहान पोरालाही माहीत असतं. म्हणजे गावात एवढे गावंड, आणि सुतक मला एकट्याला.

दाजी गावंड आमच्या गावातले सगळ्यात वडील. मी त्यांना जाऊन विचारलं, "दाजी, तुमच्याकडं कोलंबी शिजतंय. सुतक नाय काय तुमाला?"

दाजींनी विडीचा धूर सोडला. "काशी, राग मानू नको. तुजा आजा मिठागरावर कामाला आयला. आमच्या ओटीवर निजला, आमचंच आडनाव लावलान. मानूस चांगला व्हता, मी नाय म्हनत नाय. पन सुतक रक्ताला लागतं रं. आडनावाला नाय."

मी हसलो. हसणं माझा धंदाच आहे. पण घरी येऊन एकट्याने फोडणीशिवायचा भात खाताना एक प्रश्न जो डोक्यात शिरला तो शिरलाच. मी मेलो तर कोणाच्या घरची फोडणी थांबेल?

सुतक फिटलं आणि मी गाव सोडला.

३

दोन हजार चौदा साली गावंड कुळाचा मेळावा भरला. पळस्प्याजवळच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये उरण, पेण, पनवेल, सगळीकडचे गावंड जमले. माईकवर अर्थात मीच. आपली भावकी नसलेल्या भावकीचं स्वागत करायला माझ्याइतका तयार गळा कोणाकडे असणार?

दाजींचा नातू हितेश त्या दिवशी एक मोठी पिशवी घेऊन आला होता. पोरगा जैवतंत्रज्ञान शिकलेला, वाशीच्या पुढे एका लॅबमध्ये कामाला. पिशवीत छोटे छोटे डबे. प्रत्येक डब्यात कापूस लावलेल्या काड्या आणि एक नळी.

त्याने माईक घेतला. "आडनाव बापाकडून पोराला मिळतं. पुरुषाच्या शरीरात एक गुणसूत्र असतं, वाय म्हणतात त्याला. तेही तसंच बापाकडून पोराला मिळतं, पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ न बदलता. ज्यांचं जुळेल ते एका पुरुषाचे वंशज. काडी गालाच्या आतून घासायची आणि नळीत ठेवायची. बस."

"मिश्री लावतो तशी," मी माईक परत घेत म्हणालो. "फक्त थुंकायचं नाही. थुंकलात तर वंश बुडाला समजा."

सगळे हसले. पुरुष रांगेने बसले, गाल घासून घेतले. शेवटी मीही काडी मागितली. हितेशने माझ्याकडे एक क्षण पाहिलं. त्याला त्याच्या आजाचं बोलणं ठाऊक होतं.

"नक्की, नाना?"

"अरे, फार तर काय होईल? माझा आजा कुठून आला ते कळेल. आयला असेल विमानातून."

४

निकाल यायला बरेच आठवडे गेले. हितेश फोन करून सांगू शकला असता, पण तो घरी आला. तेव्हाच मी ओळखलं.

"नाना, आमच्या गावच्या गावंडांशी तुमचं काही जुळत नाही."

"दाजींना कळवलंस? खूश होतील."

"ऐका तर. एक नमुना जुळलाय. जितक्या जागा तपासल्या तितक्या सगळ्या. तुमचे आजोबा आणि त्या माणसाचे आजोबा सख्खे भाऊ असतील, दोघांनीही इकडे येऊन गावंडच लावलं असेल. किंवा असंच काहीतरी, पण लांबचं नाही."

चहाचा कप माझ्या हातात होता तो मी खाली ठेवला. "कोण आहे?"

हितेश डोकं खाजवू लागला. "माणूस मी बघितला नाही. मेळाव्याला एक म्हातारी आली होती, गोदूबाई म्हणून. हॉलच्या बाहेरच उभी होती. जेवली नाही, पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाली, आमचे हे भायेर येत नाय, घरी नेलं तं चालंल? मी डबा दिला, कसं करायचं ते दाखवलं. दुसऱ्या दिवशी गावात परत आणून दिलान. नाव सांगितलं, बळीराम गावंड. राहायला द्रोणागिरीकडे, गोदामांच्या मागे एकच घर उरलंय म्हणाली."

"अंथरुणाला खिळलेला असेल."

"असेल. पण नमुना एकदम मस्त निघाला. बाकी म्हाताऱ्यांचे दोन-दोनदा घ्यावे लागले, यांचा पहिल्याच फटक्यात."

त्या रविवारी एक फायनल होती. मी ती दुसऱ्याला दिली. आदल्या शनिवारच्या मॅचमध्ये मी बळीराम नावाचा एक खेळाडू सारखा मैदानात उतरवत होतो, जो दोन्ही संघांत नव्हता. लोक म्हणाले, नाना आज फॉर्मात आहेत.

५

पूर्वी द्रोणागिरीकडे मिठागरं होती. पांढऱ्या राशी लांबून दिसायच्या. आता दोन्ही बाजूंना कंटेनर एकावर एक रचलेले, मध्ये ट्रेलरची रांग, आणि धूळ अशी की तोंडात खारट कच येते. एका पत्र्याच्या कुंपणामागे रस्ता संपला. स्कूटर लावून मी चालत गेलो. डबक्यांपलीकडे घर दिसलं, बैठं, कौलारू, पुढे ओटी. आजूबाजूला दुसरं घर नाही. विजेची तार भिंतीपर्यंत आलेली, पण मीटरची पेटी रिकामी.

ओटीवर एक म्हातारी तांदूळ निवडत होती. हिरव्या बांगड्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाली, "आलाव, भावोजी? बसा."

आता बघा. मी एकुलता एक. मला भाऊ नाही, त्यामुळे वहिनी नाही. माईकवर मला नाना, मास्तर, शेठ, काय काय म्हणतात. पण पन्नाशी उलटल्यावर आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला भावोजी म्हणालं. हिला कसं कळलं मी कोण ते, हा प्रश्न पडायला हवा होता. पडला, पण नंतर. तेव्हा मी नुसता बसलो.

"जेवान करते. तवर पानी घ्या."

"असू दे, वयनी."

"असू दे काय? पयल्यांदा आलाव."

ती आत गेली. चूल पेटली, भात रटरटायला लागला. मी ओटीवर बसून वाट बघत होतो आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. चुलीच्या धुराचा वास येत होता. भाताचा येत होता. आणि मग माझ्या लक्षात आलं. रविवारची दुपार, खाडीकाठचं आगरी घर, पाहुणा आलेला, आणि मासळीचा वास नाही. सुकटीचासुद्धा नाही. मुलाच्या लग्नाला वऱ्हाडी नसतील एक वेळ, पण आमच्यात रविवारी मासळी नाही हे मी तरी पाहिलेलं नाही.

तिने ताट आणलं. पांढरा भात, वर उकडलेली डाळ. फोडणी नाही.

मी मान वळवून आत पाहिलं. देव्हाऱ्यावर फडकं टाकलेलं होतं.

"वयनी," मी म्हणालो, "सुतक हाय काय?"

"हाय ना."

"कोन गेलं?"

"आमचे हे."

मी तिच्या कपाळाकडे पाहिलं. कुंकू ओलं होतं, सकाळीच लावलेलं.

"कवा?"

"मिठागरं चालू व्हती तवा."

ओटीवरून समोर कंटेनर दिसत होते. मिठागरं बंद होऊन किती वर्षं झाली असतील, याचा मी हिशेब करायला लागलो, आणि तेवढ्यात आतल्या खोलीत कोणीतरी खाकरलं. बायका बोलत असताना घरातलं वडील माणूस आपण जागे आहोत हे कळवायला खाकरतं ना, अगदी तसं.

मला इतकं हायसं वाटलं की मी भाताचा मोठा घास घेतला. बळीराम जिवंत होता. म्हातारीचं डोकं फिरलेलं होतं, एवढंच. आजारी नवरा आत पडून आहे आणि ही त्याचं सुतक पाळते आहे. वाईट गोष्ट, पण जगात घडणारी. हितेशला सांगून डॉक्टर आणू, दोघांना पनवेलला नेऊ, असे बेतही मी दोन घासांच्या मध्ये केले. माझ्या घरात माणसं येणार होती.

६

"दहावा केलाच नाय काय?" म्हातारीच्या मनासारखं बोलावं म्हणून मी विचारलं.

"कोन करनार? पोर नाय, भावकी नाय. गाववाले म्हनले, आमी करतो. मीच नको म्हटलं."

"का वो?"

तिने कपाळावरच्या कुंकवाला बोट लावलं. "दहाव्याला ह्ये पुसतात. बांगड्या फोडतात. आनि दहावा झाला का मानूस जातं. तवर घरातच असतं, भावोजी. सगल्यांना ठाव हाय ह्ये. मग घालवायचं कशाला? ऱ्हाऊ दिलं."

ती हे इतक्या साधेपणाने बोलली, जसं कोणी म्हणावं की पावसात कशाला जाता, थांबा थोडं.

"आनि ती काडी? त्यांच्या गालाला कशी लावलीत?"

"मी कशाला लावीन?" ती हसली. पुढचे दात नव्हते. "मी टोपलीखाली ठेवली. सकाळी ओली व्हती."

माझा घास हातातच राहिला.

माणूस गेलं की जिथे प्राण गेला त्या जागी पीठ पसरतात, दिवा लावतात आणि वर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलून बघतात, पिठात कसलं पाऊल उमटलं. कोणाला पक्ष्याचं दिसतं, कोणाला गाईचं. ज्याला जे हवं ते दिसतं, असं माझं आजवर मत होतं.

"भेटा ना," ती म्हणाली. "वाट बघतायत. तुमचंच मानूस हाय."

मी उठलो. पळून का नाही गेलो? मला सांगता येईल की मी शूर आहे, पण माझ्या शौर्याच्या गोष्टी पनवेलात सगळ्यांना माहीत आहेत. खरं असं की आत अजून एक म्हातारा माणूस असेल, चटईवर पडलेला, माझ्या आजासारख्या नाकाचा, अशी मला आशा होती. ती आशा मला दारापर्यंत घेऊन गेली.

खोलीला खिडकी नव्हती. कोपऱ्यात दिवा होता, तोंड दक्षिणेला. टोपली भिंतीला टेकवून ठेवलेली. पीठ टोपलीपुरतं नव्हतं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलेलं होतं, आणि तुडवलेलं. चटईपासून दारापर्यंत तर चालून चालून वाट पडली होती, सारवलेल्या अंगणासारखी घट्ट. चटईजवळ पाण्याचा तांब्या, त्याचा काठ ओला. चटईवर कोणी नव्हतं.

मी नीट पाहिलं. कोणी नव्हतं.

मग चटईच्या कडेचं पीठ दबलं. आधी टाच, मग चवडा. मग शेजारी दुसरी टाच. सावकाश, वजन तोलत. गुडघ्यावर हात ठेवून उठताना म्हातारी माणसं एक श्वास सोडतात, तो श्वास मला ऐकू आला, आणि दिव्याची ज्योत माझ्या बाजूला झुकली.

मी डोळे मिटले. टपरीवर मी याच्या पुढचं बरंच काही सांगितलं होतं, दाढी, डोळे, थंडगार हात वगैरे. ते सगळं मी रचलेलं होतं. मी डोळे मिटले होते. एवढंच कळलं की समोर कोणीतरी उभं राहिलं आणि माझ्यासारखंच थोडं संकोचलं.

मागून गोदूबाई बोलली. "आता तुमी ऐकलाव. रक्ताच्या मानसाला ऐकल्यापासून सुतक लागतं. माजं किती ऱ्हायलंय? घर बी घेतील ते ट्रेलरवाले. माज्या मागं तुमी पाळा, भावोजी. फेडू नका. एकटे पडतील."

मी हो म्हणालो. तिथून निघायला मी कशालाही हो म्हणालो असतो. पण खोटं हो म्हणताना आवाज कसा लागतो हे मला चांगलं माहीत आहे, आणि तो आवाज तसा लागला नव्हता.

७

घरी आल्यावर मी स्वतःला चार शब्द सुनावले. वाळवी लागलेली जमीन असेल, पीठ खचलं असेल. घूस असेल खाली. खाकरणं म्हणजे लांबच्या ट्रेलरचा ब्रेक असेल. काडीला म्हातारीचीच लाळ लागली असेल. पण हितेश तर म्हणाला होता की ते गुणसूत्र पुरुषाच्या शरीरात असतं. बरं, मग दुसरं काही असेल.

सगळी कारणं देऊन झाल्यावर मी देव्हाऱ्यावर फडकं टाकलं.

पाळायला काय जातं? फोडणी द्यायची नाही, दाढी करायची नाही, देवाला शिवायचं नाही. दोन दिवसांनी दाजींचा फोन आला. "काशी, देवलात कार्यक्रम हाय. माईक घेऊन ये."

"जमणार नाही, दाजी. मला सुतक आहे."

दाजी म्हणाले, "तुला? तुला कोनाचं रं सुतक?"

"आमच्या भावकीतलं," मी म्हणालो आणि फोन ठेवला. खोटं कशाला बोलू, असा आनंद मला फायनलच्या शेवटच्या चेंडूलाही झालेला नाही.

त्या दुपारी कोणाशीतरी बोलावंसं वाटत होतं. फोन करावा असा माणूस आठवेना. म्हणून मी पंखा बंद केला आणि रिकाम्या घराला त्या जहाजावरच्या कप्तानाची गोष्ट सांगितली. सगळ्या हातवाऱ्यांसकट. कप्तान झेल घेतो, इथे मी नेहमी जरा थांबतो, कारण इथे पब्लिक हसतं.

मी थांबलो. आतल्या खोलीत कोणीतरी खाकरलं.

मी बराच वेळ भिंतीला पाठ लावून उभा होतो. नंतर मी गोष्ट पुढे सांगितली.

दुसऱ्या दिवशी भात टाकताना हात आपोआप जास्त तांदूळ घेऊ लागला. भात उरत नव्हता. आतल्या खोलीत मी पीठ पसरलं नाही, हे शपथेवर सांगतो. पण पिठाचा डबा हलका होत गेला आणि मी तिकडचं दार लोटलेलं ठेवायला लागलो. सुतकी माणसाला कोण हळदीला बोलावणार? कामं बंद झाली. दाढी वाढली. टपरीवर गेलो तर लोक म्हणायचे, नाना, हा गेटअप कुठल्या गोष्टीसाठी? तिथेच मी सगळं सांगितलं आणि पब्लिक लोळलं. मी टपरीवर जायचं सोडलं. घरी श्रोता होता.

८

एके दिवशी सकाळी हितेश आला. तो दारातच थबकला.

"नाना, काय अवतार केलाय हा?" मग खाली बसून म्हणाला, "ती गोदूबाई गेली. तिकडच्या गाववाल्यांनी केलं सगळं तिचं. घर पाडलं परवा. तिथे आता गाड्या लावतात."

मी आतल्या खोलीकडे कान दिला. आत कोणी खाकरलं नाही.

हितेशने घरभर नजर फिरवली. झाकलेला देव्हारा, ओट्यावर दोन ताटं, लोटलेलं दार. पोरगा हुशार आहे, काही विचारलं नाही. "नाना, टपरीवर तुम्ही जे सांगितलंत ते माझ्या कानावर आलंय. इतके दिवस कोणी सुतक पाळतं का? त्या माणसाचा दहावा कोणीच केला नाही ना? मग तुम्ही करा. तुमचंच रक्त आहे, तुमचा हक्क आहे. गाढी नदीच्या काठी मी सगळी व्यवस्था करतो. फेडा आणि परत माईक हातात घ्या. पोरं विचारतात, नाना कुठे आहेत."

"तुझे आजोबा काय म्हणतील?"

"आजोबांचं सोडा." तो जरा अडखळला. खाली बघत म्हणाला, "आणि दुसरं एक. तुम्हाला काही झालं ना, तर मी पाळीन तुमचं सुतक. रक्त जुळो न जुळो. आमच्या घरात फोडणी नाही पडणार."

आयुष्यभर मी ज्या वाक्याची वाट बघितली होती ते वाक्य हे पोरगं माझ्या फरशीवर बसून बोलून गेलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी हो म्हणालो.

ठरल्या सकाळी आम्ही गाढी नदीच्या काठी गेलो. भटजी आले होते, पिंडांसाठी भात शिजत होता. न्हाव्याने मला दगडावर बसवलं आणि डोक्याला पाणी लावलं. वस्तरा चालायला लागला. केस मांडीवर पडत होते, पांढरे, मला वाटलं होतं त्याहून जास्त पांढरे. हितेश थोडा लांब फोनवर बोलत होता. "हो, हो, अर्ध्या तासात मोकळा होतो. निघालोच."

बरोबर आहे. त्याला काम होतं. बायको होती, लहान पोर होतं. तो खरंच सुतक पाळेल, याची मला खात्री होती. दहा दिवस त्याच्या घरी उकडलेली डाळ शिजेल, फोडणी पडणार नाही. मी मेल्यावर.

पण आज दुपारी? आज दुपारी मी जिना चढून घरी जाईन, पंखा लावीन, आणि गोष्ट सांगताना जिथे थांबायचं तिथे थांबीन, तेव्हा?

न्हावी म्हणाला, "मान इकडे वळवा, नाना."

मी उठलो.

"अहो, अर्धं राहिलंय!"

हितेश धावत आला. "नाना! नाना, कुठे?" मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पोरगा रडकुंडीला आला होता. त्याला काय सांगू? म्हटलं, "जरा घरी जाऊन येतो." त्याने माझा हात धरला, मी तो सोडवला. हळूच सोडवला.

पनवेलच्या बाजारातून मी चालत आलो, अर्धं डोकं तुळतुळीत आणि अर्ध्यावर केस, कानामागे ओघळणारं पाणी. भाजीवाल्या बायका हसल्या. एकजण ओरडला, "नाना, कुठली मॅच हरलात?" नेहमीचा मी असतो तर जागच्या जागी उत्तर दिलं असतं.

तिसऱ्या मजल्यावर आलो. गाव सोडून इथे आल्यापासून हे दार मी रोज माझ्या हाताने उघडत आलोय. किल्ली खिशात होती, तिला बोटंही लागली. मी ती खिशातच राहू दिली आणि बेल दाबली.

आतून पावलं आली. मऊ, पिठावरून चालल्यासारखी. त्यांना काही घाई नव्हती.